टेस्टमध्ये पास झालेलं सु-6 फॅक्टरीपर्यंत का पोचलं नाही

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-30 बनतं आणि पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना त्याच्या आवाजाची इतकी सवय झालीय की ते फक्त टीव्हीचा आवाज वाढवतात आणि सीरियल पुढं बघतात. पण ज्या माणसाचं हे आडनाव, त्या पावेल सुखोईंनी दुसऱ्या महायुद्धात जमिनीवर हल्ला करणारं एक विमान बनवलं होतं, ते टेस्टमध्ये पास झालं, त्याच्यासाठी स्टालिन प्राइझसुद्धा मिळालं, आणि तरी ते कधी कारखान्यात बनलंच नाही. सु-6 त्याचं नाव. हे असं का झालं ते जरा नीट बघू, कारण यूट्यूबवर याची दोनच उत्तरं फिरत असतात, एक म्हणजे "राजकारण" आणि दुसरं म्हणजे "स्टालिनला इल्युशिन आवडायचा" (इल्युशिन म्हणजे सुखोईंसारखाच दुसरा विमान डिझायनर), आणि दोन्ही फार घाईची आहेत.

आधी काम काय होतं ते बघू. जमिनीवर हल्ला करणारं विमान, रशियन लोक त्याला श्टुर्मोविक म्हणतात, ते उंचावरून बॉम्ब टाकत नाही. ते खाली येतं, कधी कधी झाडांच्या शेंड्यावरून जातं, आणि रणगाडे, ट्रक, तोफा, चालत जाणारं सैन्य यांच्यावर तोफ चालवतं, रॉकेट सोडतं, बॉम्ब टाकतं. इतक्या खाली आलं की खालचा प्रत्येक माणूस तुमच्यावर गोळ्या झाडणार, साध्या रायफलवालासुद्धा. म्हणून चिलखत पाहिजे. चिलखत आलं की वजन आलं, वजन आलं की ताकदवान इंजिन पाहिजे. या विमानांची सगळी गोष्ट या एका साखळीवर चालते आणि सु-6 ची तर शंभर टक्के.

सर्गेई इल्युशिन यांनी हे कोडं सोडवलं होतं ते मस्तच होतं. बाकीचे लोक विमान बनवून मग त्यावर पोलादी पत्रे ठोकत, यांनी पुढचा अख्खा भाग, म्हणजे इंजिन, रेडिएटर, पायलट, पेट्रोलच्या टाक्या, हे सगळं ज्यात बसतं तो सांगाडाच चिलखताचा बनवला, 4 ते 12 मिलिमीटर जाडीचं पोलाद वळवून, अंदाजे 700 किलोचं एक टब म्हणा. म्हणजे ते पोलाद नुसतं ओझं नाही, तेच विमानाचं अंग. त्याच्या पहिल्या प्रोटोटाइपनं 1939 च्या ऑक्टोबरात उड्डाण केलं, आणि जर्मनीनं 22 जून 1941 ला हल्ला केला तेव्हा हे विमान, इल-2, कारखान्यात बनत होतं. थोडं बनत होतं, कच्चं होतं, पायलट अजून शिकत होते, पण बनत होतं. हे लक्षात ठेवा कारण पुढं सगळं याच्यावरच फिरतं.

सुखोईंचं सु-6 पहिल्यांदा उडालं 1 मार्च 1941 ला. हल्ल्याच्या चार महिनेसुद्धा आधी नाही. एकट्या पायलटचं विमान, पंखात दोन 23 मिलिमीटरच्या तोफा, शिवाय मशीनगन, रॉकेटं, बॉम्ब, पायलटभोवती चिलखत. मुख्य फरक नाकात होता. इल-2 मध्ये मिकुलिन यांचं एएम-38 इंजिन, पाण्यानं थंड होणारं, सिलिंडर ओळीत, नाक निमुळतं. सु-6 मध्ये श्वेत्सोव यांचं एम-71, हवेनं थंड होणारं, 18 सिलिंडर गोलाकार दोन रांगांत, आणि ताकद 2,000 हॉर्सपॉवर. एएम-38 ची होती 1,600 च्या आसपास.

आता हवेनं थंड होणारं इंजिन या कामाला का बरं? पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर असतो, नळ्या असतात, एक गोळी लागली की पाणी गळायला लागतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम. इल्युशिननी रेडिएटर त्या चिलखती टबाच्या आत घेऊन हा प्रश्न बराच सोडवला होता, हे खरंय. पण गोल इंजिनाला रेडिएटरच नसतो. एखादा सिलिंडर फुटला तरी बाकीचे विमानाला घरी आणतात, आणि समोर एवढा मोठा लोखंडाचा गोळा असल्यामुळं पायलटला पुढून आपोआप आडोसा मिळतो. तोटा असा की नाक रुंद होतं आणि पुढचं खाली दिसायला त्रास होतो, आणि ज्याचं कामच खाली बघून मारायचं आहे त्याच्यासाठी हा तोटा छोटा नाही.

टेस्टमध्ये सु-6 जवळजवळ सगळ्या बाबतीत इल-2 पेक्षा सरस निघालं. वेग जास्त, चढण जास्त, वळायला हलकं. नंतर दोन जणांचं मॉडेल आलं एम-71एफ या 2,200 हॉर्सपॉवरच्या इंजिनासोबत, त्याचा वेग तेव्हाच्या दोन सीटच्या इल-2 पेक्षा ताशी साधारण 100 किलोमीटरनं जास्त होता. 100 म्हणजे केवढं, तर इल-2 ताशी 400 च्या आसपास घुटमळायचं, त्याच्यामागं लागलेलं जर्मन मेसरश्मिट त्याला आरामात गाठायचं. ताशी 500 वर जाणारं विमानसुद्धा मेसरश्मिटपासून सुटणार नाही, पण गाठायला वेळ लागणार, तोपर्यंत आपल्या हद्दीत पोचायची शक्यता वाढणार. मरणारे पायलट कमी झाले असते, एवढं तर कुणीही मान्य करेल.

मग घोडं अडलं कुठं?

इंजिनात. एम-71 हे इंजिन कागदावर जबरदस्त होतं पण ते पूर्ण तयार कधी झालंच नाही. मधेच बंद पडायचं, वेळेवर मिळायचं नाही, आणि त्यामुळं सु-6 च्या टेस्ट लांबत गेल्या. विमान तयार आणि इंजिनाची वाट, असं महिनोन्‌महिने. त्यात जर्मन पुढं सरकले तसं अख्खं सोव्हिएत विमान उद्योगाचं बिऱ्हाड पूर्वेकडं हललं, सुखोईंची टीमसुद्धा उरल डोंगरांजवळच्या पेर्म शहरात गेली (तेव्हा शहराचं नाव मोलोतोव होतं), म्हणजे गंमत बघा, जिथं हे इंजिन बनायचं त्याच शहरात. तरी इंजिन मिळेना. सु-6 चं दुसरं विमान उडायला जानेवारी 1942 उजाडला, तोपर्यंत जर्मन मॉस्कोच्या दारापर्यंत येऊन मागं हटवले गेले होते.

हे एकट्या सुखोईंचं दुखणं नव्हतं. पोलिकार्पोव यांचं आय-185 नावाचं लढाऊ विमान याच इंजिनावर अवलंबून होतं, तेसुद्धा फार चांगलं विमान मानलं जायचं. एप्रिल 1943 मध्ये त्याची टेस्ट चालू असताना इंजिन बंद पडलं आणि स्तेपानचोनोक नावाचा अतिशय अनुभवी टेस्ट पायलट त्यात गेला. आय-185 ची कथा तिथंच संपली. म्हणजे एका इंजिनानं दोन चांगली विमानं बुडवली.

तुम्ही म्हणाल की मग इंजिनावर माणसं लावायची, पैसा ओतायचा, सुधारायचं. पण पेर्मच्या त्याच कारखान्यात श्वेत्सोव यांचंच दुसरं इंजिन बनत होतं, एम-82, 14 सिलिंडरचं, 1,700 हॉर्सपॉवर. 1941 मध्ये ते इंजिनही जवळपास बेवारस होतं, कारखान्यात पडून होती इंजिनं आणि बसवायला विमानच नव्हतं. मग लावोच्किन यांनी ते आपल्या रडक्या लॅग-3 या लढाऊ विमानाच्या नाकात बसवलं आणि त्यातून ला-5 निघालं, जे 1942 च्या दुसऱ्या अर्ध्यात आघाडीवर जायला लागलं आणि जर्मनांशी बरोबरीनं लढायला लागलं. तु-2 या बॉम्बरलाही तेच लागायचं. त्या दिवसापासून पेर्मच्या कारखान्यातला प्रत्येक कारागीर, प्रत्येक लेथ, प्रत्येक किलो ॲल्युमिनियम एम-82 साठी. आता तुम्ही कारखान्याचे मॅनेजर असता तर एक चालणारं इंजिन, ज्याच्यावर लढाऊ विमानांच्या रेजिमेंट्स उभ्या राहताहेत, ते कमी करून एका न चालणाऱ्या इंजिनाची लाइन टाकली असती का? तेही त्या काळात, जेव्हा टार्गेट चुकलं तर नुसता मेमो मिळत नसे?

आणि मेमो कसा मिळायचा त्याचं उदाहरण याच विषयातलं आहे. डिसेंबर 1941 मध्ये स्टालिननं कुइबिशेव शहरात हलवलेल्या दोन कारखान्यांच्या डायरेक्टरांना तार पाठवली, त्याचा मजकूर रशियात आजही सगळ्यांना माहितीय. आशय असा की लाल सेनेला इल-2 आता हवेसारखं, भाकरीसारखं लागतंय, आणि तुम्ही दिवसाला एक-एक विमान काढताय, ही देशाची चेष्टा आहे, ही शेवटची ताकीद. यातल्या एका डायरेक्टरचा कारखाना तर इल-2 बनवतच नव्हता, तो मिग-3 हे फायटर बनवायचा! त्याला मिग सोडून इल-2 कडे वळायला लावलं. आणि मिग-3 का सोडलं याचं मोठं कारण म्हणजे त्याचं एएम-35 इंजिन आणि इल-2 चं एएम-38 एकाच कारखान्यातून यायचं, दोन्ही पुरेसं बनवणं शक्य नव्हतं, तेव्हा एक मारलं. मिग-3 हे हजारोंनी बनलेलं, लढाईत असलेलं विमान होतं, तेसुद्धा इंजिनासाठी कापलं गेलं. अशा वातावरणात एखाद्या प्रोटोटाइपची काय कथा.

इथं आकड्यांत बोलूया म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात काय चालू असेल ते कळेल. 1943 मध्ये इल-2 वर्षाला साधारण 11,000 बनत होती. म्हणजे दिवसाला 30. समजा तुम्ही ठरवलं की कारखाने सु-6 कडे वळवायचे आणि समजा, फार आशावादी होऊन, सगळे साचे, जिग, पार्ट पुरवणारे, कामगारांचं शिक्षण हे सगळं दोन महिन्यांत झालं. दोन महिन्यांत 1,800 विमानं कमी. ती 1,800 विमानं तुम्ही कुठल्या लढाईतून काढणार? स्टालिनग्राडमधून? कुर्स्कमधून? पंगत बसलेली, वाढपी धावताहेत, आणि कुणीतरी म्हणतंय की आपण चूल बदलू, नवीन चुलीवर भात जास्त मोकळा होतो. भात मोकळा होईलही हो, पण पानावर बसलेल्यांचं काय.

शिवाय इल-2 बनवायला लोक आता तरबेज झाले होते, आणि त्या कामगारांत बायका होत्या, पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती, जी आधी कधी विमानाच्या जवळही गेली नव्हती. ॲल्युमिनियमची टंचाई होती म्हणून इल-2 चा मागचा भाग लाकडाचा बनवायचे, काही काळ पंखसुद्धा. म्हणजे त्या विमानाचं डिझाइन कारखान्याच्या गरिबीप्रमाणं वाकवलेलं होतं. आघाडीवरच्या मेकॅनिकला डोळे मिटून त्याची दुरुस्ती यायची, दोन पडलेल्या विमानांतून एक उभं करायचे. नवीन विमान आलं की हे सगळं शून्यापासून.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते आणि हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सु-6 पुढं येत होतं तसं इल-2 थांबलं नव्हतं. इल-2 चा मोठा दोष म्हणजे मागून संरक्षण नाही, एकटा पायलट, जर्मन विमान शेपटीला लागलं की खेळ खलास. 1942 च्या शेवटी मागं गनर बसवलेली इल-2 यायला लागली. तो गनर बिचारा त्या चिलखती टबाच्या बाहेर बसायचा, कॅनव्हासच्या पट्ट्यावर, पायलटपेक्षा गनर जास्त मरायचे, म्हणजे उपाय अर्धवटच आणि क्रूर. पण आला. मागं वजन वाढल्यामुळं तोल गेला तर पंखाचा बाहेरचा भाग थोडा मागं वळवला. इंजिनाची ताकद थोडी वाढवली. मग कुर्स्कच्या लढाईत, 5 जुलै 1943 ला, पीटीएबी नावाचे छोटे बॉम्ब पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले. दीड किलोच्या आसपासचा एक बॉम्ब, आतला स्फोट एका बिंदूवर जोर लावणारा, रणगाड्याच्या वरच्या पातळ पत्र्यातून आरपार. एका इल-2 मध्ये दोनशेच्या आसपास बसायचे. खालून जाताना सोडले की एक पट्टाच्या पट्टा झाकला जायचा, नेम फार अचूक नसला तरी एखादा लागणारच. तोफेनं चालता रणगाडा मारणं हे इल-2 ला खरं तर कधीच नीट जमलं नव्हतं, ते काम एका स्वस्त बॉम्बनं करून टाकलं.

आणि याच्यात सु-6 चा तोटा झाला. नवीन विमान आणायचं तर जुनं "चालत नाही" हे सिद्ध व्हावं लागतं. इथं जुनं चालत होतं, रडतखडत, हजारोंनी पडत, पण चालत होतं. गनर बसवायचा म्हटल्यावर सुखोईंनाही एक सीटवालं सु-6 बाजूला ठेवून दोन सीटचं बनवावं लागलं, तोफा 37 मिलिमीटरच्या केल्या, एम-71एफ लावलं, पुन्हा टेस्ट, पुन्हा 1943 उजाडलं. डिझाइन चुकलं म्हणून हा उशीर झाला नाही, आघाडीवर काय लागतं तेच दर सहा महिन्यांनी बदलत होतं, आणि जे विमान आधीच हजारोंनी बनतंय त्याच्यात बदल करणं सोपं, जे अजून कागद आणि दोन-तीन नमुने आहे ते प्रत्येक वेळी मागं पडतं.

1943 मध्येच सुखोईंना सु-6 साठी पहिल्या दर्जाचं स्टालिन प्राइझ मिळालं. म्हणजे सरकारनंच सांगितलं की विमान उत्तम आहे, शाब्बास, आणि बनवणार नाही. एखाद्याला हे सांत्वनपर बक्षीस वाटेल, मला मात्र त्यातून एवढंच दिसतं की वरच्या लोकांना विमानाची किंमत कळत होती, म्हणजे "कुणाला समजलंच नाही" ही थिअरी बाद.

मग ती राजकारणवाली थिअरी. याकोवलेव हे स्वतः विमान डिझायनर आणि त्याच वेळी विमान उद्योगाचे उपमंत्री होते, आणि प्रतिस्पर्ध्यांची डिझाइनं त्यांनी अडवली असा आरोप पोलिकार्पोवच्या बाबतीत तर कायम होतो. अशी दोन टोप्या घालणारी व्यवस्था वाईटच, यात वाद नाही. पण सु-6 ची स्पर्धा याकोवलेव यांच्या विमानांशी नव्हतीच, ते फायटर बनवायचे. आणि समजा राजकारण काढून टाकलं, सगळे साधुसंत बसवले, तरी इंजिन कुठून आणणार होता? हा प्रश्न त्या थिअरीवाल्यांना विचारला की गप्प.

एम-71 मिळत नाही हे पक्कं झाल्यावर सुखोईंना सांगितलं गेलं की मिकुलिन यांचं नवीन एएम-42 लावा, पाण्यानं थंड होणारं, 2,000 हॉर्सपॉवरचं. लावलं, ते विमान 1944 च्या फेब्रुवारीत उडालं. पण हे विमान जन्मापासून गोल इंजिनासाठी काढलेलं, आता त्यात लांब इंजिन, रेडिएटर, त्या रेडिएटरला चिलखत, म्हणजे ज्या गोष्टी टाळायला गोल इंजिन घेतलं होतं त्याच सगळ्या परत आल्या. वजन वाढलं. आणि समोर कोण, तर इल्युशिन यांचं इल-10, एप्रिल 1944 मध्ये उडालेलं, तेच एएम-42 इंजिन, पण त्या इंजिनासाठीच पहिल्यापासून आखलेलं, छोटं, चिकणं, आणि गनर आता चिलखताच्या आत. या वेळी सु-6 हरलं आणि खरोखर हरलं, कामगिरीत. इल-10 बनायला लागलं. सुखोईंनी दोन इंजिनांचं सु-8 पण केलं होतं, चार 45 मिलिमीटरच्या तोफा पोटाखाली, राक्षसी प्रकार, दोन नमुने बनले, त्यालाही एम-71एफ च लागायची आणि एकाऐवजी दोन! त्याचं काय झालं ते सांगायला नकोच.

माझं मत विचाराल तर 1942 मध्ये सु-6 ला नाही म्हणणं बरोबर होतं, त्या वर्षी दुसरं काही करणं वेडेपणा ठरला असता. 1943 च्या मध्यानंतर मात्र मला शंका आहे. तेव्हा इल-2 इतकी बनत होती की एखाद्या छोट्या कारखान्यात महिन्याला वीस-पंचवीस सु-6 काढली असती तर कुणाची पंगत अडली नसती, आणि निदान आघाडीवर एक-दोन रेजिमेंट्सना ती देऊन बघता आली असती. पण त्यासाठी एम-71 ची छोटीशी का होईना लाइन 1942 मध्येच टाकायला हवी होती. चूक झाली असेल तर तिथं झाली, विमान निवडणाऱ्यांकडून नाही. विमान दोन वर्षांत उभं राहतं, इंजिनाला पाच-सहा लागतात, हे आपल्याकडं तर वेगळं सांगायला नको. एचएएलच्या मारुत या लढाऊ विमानाला मनासारखं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही आणि तेजस 2001 मध्ये उडालं ते अमेरिकन इंजिनावर, आपलं कावेरी इंजिन मागंच राहिलं.

सुखोईंचं डिझाइन ब्युरो 1949 मध्ये बंद करून टाकलं, 1953 मध्ये स्टालिन गेल्यावर परत सुरू झालं. आणि एम-71 च्याच घराण्यातलं एएश-73 नावाचं इंजिन युद्ध संपल्यावर एकदाचं नीट चालायला लागलं, ते तु-4 या बॉम्बरवर बसवलं, एकेका विमानाला चार-चार.